स्थानिक नाव

कुंभीत गुडघाभर उतरते.
टाचेनं तळाचे गोटे हलवते, मोजून एक मिनिट,
खालच्या अंगाला जाळी धरलेली.
सुटतं ते वाहत येतं:
पानांचे सांगाडे, शेवाळ, एक बिस्किटाचा कागद.

पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेत ओतल्यावर
आधी काहीच दिसत नाही. थांबावं लागतं.
मग गाळाचाच एक कण ठरवतो
की आपण गाळ नाही,
आणि चालू लागतो.

शेपटीचे तीन धागे.
पोटाच्या कडेनं कल्ल्यांची पानं, सात जोड्या,
सारखी हलणारी,
आत कुणाला ताप असावा
आणि कुणी विंझणवारा घालत बसावं, तशी.
शेजारून वाळूचं घर अंगावर घेऊन
दुसराच कुणी निघालाय. गवंडी तोच, चुना त्याच्याच लाळेचा.

"पेन्सिलीनं लिही, शाई स्पिरिटात उतरते,"
सरांचं पहिल्या दिवसाचं वाक्य.
ठिकाण क्रमांक दोन. गगनबावड्याच्या खाली.
पाणी एकवीस अंश. गोटे, सावली, वेग बरा.
गण: मेफ्लाय.
स्थानिक नाव:
इथं पेन्सिल थांबते, दर वेळी.

चतुराला नाव आहे. निवळीला आहे.
पाणविंचवाला तर दोन-तीन, त्यातलं एक शिवीसारखं.
पण जे चावत नाही, पिकावर पडत नाही,
त्याचं बारसं कोण घालणार?

दस्तगीर मुजावर, विद्यापीठाच्या जीपचा ड्रायव्हर,
काठावर उकिडवा, शेंगा फोडतोय.
"काय घावलं का?"
दाखवते. सांगते,
मोठं झालं की ह्याला खायला तोंडच उरत नाही.
पंख फुटतात, मग पंखांसकट आणखी एकदा कात,
आणि फार तर एखादी रात्र.
"मग जगतंय कशावर?"
पाण्यात असताना खाल्लेल्यावर.
शेंग हातात तशीच.
"आमचा बा," तो म्हणतो, "कारखान्यातनं सुटल्यावर
असाच ऱ्हायला. चार म्हयनं."
आणि शेंग फोडतो.

खाली उतरत जाऊ तशी वही रोडावते.
दोनला सतरा जाती. चारला अकरा.
सहाला तीन, त्यातली एक मेलेली,
वरून वाहत आलेली असेल, धरायची का?
सातपासून मळीचा वास
काचा चढवल्या तरी आत येऊन बसतो.

ठिकाण नऊ, बंधाऱ्याच्या खाली.
ट्रे ठेवते. थांबते. दहा मिनिटं थांबते.
तांबड्या अळ्या तेवढ्या वळवळतात,
पाण्यात नसलेला श्वास
स्वतःच्या रक्तात साठवून.
बाकी कुणी उठून चालू लागत नाही.

शून्य लिहिते. ठळक.
रकाना मोकळा सोडला
तर आपण तिथं गेलोच नव्हतो, असा अर्थ होतो.
हे वाक्य माझंच, मीच नव्या पोरांना शिकवते.
जीपमध्ये बसल्यावर आठवलं
की दुसरा एक रकाना
मी तीन वर्षं मोकळा सोडत आलेय.

त्या रात्री मला सोडून तो कळ्याला गेला, बहिणीकडे.
सकाळी विभागासमोर जीप,
आणि दस्तगीर दाराला टेकून, झोप न झालेला.
"पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी क्येली हुती.
काच धुतली न्हाई. मोजून घ्या."

समोरची काच पंखांनी भरलेली.
धुक्याचे तुकडे कातरून चिकटवावेत तसे,
काही अजून उभे, काही आडवे.
बोटाला लागले की विरायचे,
म्हणून चिमटा आणला, चौकोन आखले,
दुपारपर्यंत मोजत राहिले. चारशे बारा.
शिपाई विचारून गेला, अपघात झाला काय?

"बिनतोंड्या म्हना की ह्येला,"
दस्तगीर मागून म्हणाला.
"किती दिस रेघ वडनार?"

लिहिलं.
पेन्सिलीनं, बाटलीच्या आतल्या चिठ्ठीवर,
मग प्रबंधाच्या तक्त्यातही.
मसुदा परत आला तेव्हा त्याभोवती
लाल वर्तुळ, समासात सरांचं बारीक अक्षर:
संदर्भ?

खाली लिहिते:
दस्तगीर बाबालाल मुजावर, ड्रायव्हर, कोल्हापूर.
तोंडी.